भंडाऱ्यावरची मतं

…आवं तसं न्हवं कोंडीबाआण्णा, 'गावानं ठरवलं' म्हणून तुमी मोकळं झालासा, पर गाव म्हंजी कोण वो? खैरवाडीचं गाव म्हंजी बिरोबाचं देऊळ, आन् देवळाचं पुजारी तुमी. तुमी हूं म्हटलं की गाव हूं म्हणतंय. बसा. तक्क्याला टेकून बसा, पायरीवर नका बसू — माझ्या, ह्या नानासोच्या दुकानात बिरोबाचा पुजारी पायरीवर बसला म्हटलं तर सांगलीची पेठ मला काय म्हणंल? च्या सांगितलाय. घेत न्हाई? बरं, पाणी तरी. पाणीबी न्हाई? जीप पाठवून तुमास्नी एवढ्या लांबनं बोलवून घेतलं ती काय उगं न्हवं. उद्या सकाळी मतदान हाय, आन् चार दिसामागं तुमच्याच देवळात, तुमच्याच म्होरं, घरटी एक माणसानं बेलभंडारा उचलला — मत नानासोलाच, शिक्का तराजूवरच — तुमी हुतासा का न्हवता? हुतासा. तळहातावर बेलाचं पान, पानावर भंडारा, त्वांड देवाकडं. आन् आज सकाळी माझा डायवर यिऊन सांगतोय, मालक, खैरवाडीनं शपत सोडली. शपत म्हंजी काय एस्टीतली जागा हाय व्हय, वाटलं तवा बसलं आन् वाटलं तवा उठलं?

आन् कशापायी सोडली, तर म्हणं भंडारा खोटा. कोण म्हणतंय? साळूबाई, सरपंचाची बायकू. ती बसली वड्यावर धुणं धुवायला, नवऱ्याच्या सदऱ्यावर शपतंच्या दिवशीचा भंडारा सांडल्याला, साबण लावला आन् डाग लाल हुईना. एवढंच. हळदीच्या डागाला साबण लागला की त्यो लाल हुतोय — हुतोय की, मला काय शिकवतायसा, आमच्या आज्यापासनं ह्या पेठंत हळदीची अडत हाय, माझ्या बारशाला सुदिक पाळण्याखाली हळकुंडाची पोती हुती. पर ही बाई गप बसंल का? घरोघर सांगत सुटली, सगळ्या बाया आपापली धुणी घिऊन वड्यावर, हिनं त्येच्या सदऱ्याला चोळलं, तिनं ह्येच्या पटक्याला चोळलं, आन् एकाचाबी डाग लाल न्हाई, नुसत्या पाण्यानंच निघून गेला. सांच्याला चावडीत गाव बसलं आन् ठरलं, भंडाराच खोटा तर शपत कसली. मोकळं. म्हंजी दोन म्हयने मी उन्हातानात गावं पालथी घातली, आन् माझी विधानसभा खैरवाडीच्या बायकांनी वड्यात धुऊन टाकली. हसताय काय आण्णा? न्हाई, न्हाई हसला तुमी, मला आपलं वाटलं.

साबणच कसला तरी आसंल वो. आजकालचं साबण काय खरं हायत का? आन् ह्यात माझ्या इरुद्ध उभ्या ऱ्हायल्याल्या लालासाहेबाचा हात न्हाई आसं मी म्हणणार न्हाई. त्यो कारखान्यावाला, बागायतीत लोळणारा, त्येला तुमच्या माळावरची कुसळं तरी ठावं हायत का? पर त्येच्या म्होरं सगळी वाकून. का तर त्यो जन्मापास्नं पुढारी. आन् मी कोण? मी वाणगट, तागडीवाला. बरं, मला काय हौस हुती उभं ऱ्हायाची? ह्या पेठंनंच मला घोड्यावर बसवलं — नानासो, तुमी उभं ऱ्हावा, तुमचं मूळ गाव त्या तालुक्यात, यापाऱ्यांचा एक माणूस पायजेलच मुंबईला. आमची मंडळी म्हणाली, अवो, आपलं काम का हाय ती? मी म्हटलं, तू गप बस. आणीबाणी गेली, आता कुणीबी उभं ऱ्हावं. अपक्ष म्हणून अर्ज भरला, चिन्ह तराजू मिळालं, मला वाटलं देवच पावला, यापाऱ्याला तराजू. तर पैल्याच सभंत मागनं एक जण वरडला, 'काटा मारू नगा म्हंजी झालं.' सगळी सभा हसाय लागली. मी बी हसलो. काय करायचं, मत मागायला गेल्याला माणूस हसतच ऱ्हातो, गालफडं दुकाय लागली माझी.

आन् काय काय सोसलं म्हणून सांगू. प्रचाराची जीप दारात उभी केली की कुणाची म्हस जनावराच्या दवाखान्यात न्यायची आसती, कुणाची पोरगी सासरला पोचवायची आसती, आन् मी आपला दुसऱ्याच्या बैलगाडीत, हात जोडून. कर्णा तर तीन गावांनी सत्यनारायणाला नेला. देतो म्हटलं, न्या. एका वाडीत म्हातारीच्या पाया पडलो, तिनं आशीर्वाद दिला, 'औक्षवंत हो लालासाहेबा'. माझ्या गळ्यात हार, जीपवर माझा फोटू, आन् म्हणती लालासाहेबा. म्हटलं, बरं आई. शेवटाला माझ्या ध्यानात आलं, ही माणसं च्या पिऊन, हात दाखवून, जातील तिकडंच जिकडं बाप जात हुता. ह्यास्नी धरायचं तर एकाच गोष्टीनं, देवानं. म्हणून तुमच्याकडं आलो. तुमच्या गावचा माणूस बेलभंडारा उचलला की मरंल पर फिरणार न्हाई, ही का मला ठावं न्हाई? खैरवाडी पकडली की डोंगराकडची सगळी गावं तुमच्याकडं बगून चालत्यात. ती गेली तर अनामत जाती आण्णा माझी, आन् अनामत गेल्याला माणूस परवा ह्या पेठंत सौद्याला कुठल्या तोंडानं उभा ऱ्हाणार? हितं चिठ्ठीचपाटी न्हाई चालत, तोंडच्या शब्दावर गाड्याच्या गाड्या उतरत्यात. ज्या शब्दावर गाव थुकलं त्यो शब्द मग सौद्यात कोण घील?

काय? भंडारा माझाच हुता का? माझाच की. दुकानातनं नेल्याला, जीपमधनं, पोतं भरून. लपवतोय कशाला? ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस मी न्हवं. … बरं, आता तुमी घरचं माणूस, तुमास्नी म्हणून सांगतो. भंडाऱ्यात थोडं फार आसतंयच आण्णा. सगळ्या पेठंत आसतंय, माझ्या एकट्याच्या दुकानात हाय व्हय? जत्रंला पोती उधळत्यात, आभाळ पिवळं करत्यात, माणसाच्या डोस्क्यावर, ढोलावर, मेंढरावर — त्येला काय निवडक हळकुंड दळून द्यायचं? उधळायचाच की त्यो. वाऱ्यावर जाणाऱ्या जिनसंला कोण चोख माल घालंल? तांदळाची कणी दळायची, रंग टाकायचा, वरनं वासापुरती हळद. देवाला का नाक हाय, आन् माणसाला तरी कुठं पडलीय — पिवळं दिसलं की झालं. आजपातूर कुणी इचारलं का? लग्नाची हळद निराळी, वाणसामानाची निराळी, भंडारा निराळा. ह्यो खोटेपणा न्हवं, ही यापाराची रीत हाय. आता ह्या शपतंच्या वेळंला माझ्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई. गडबडीत गड्याला म्हटलं, भंडाऱ्याचं पोतं टाक जीपमधी, त्येनं भंडाऱ्याचं पोतं टाकलं. त्येचीबी चूक न्हाई. पर मला एक सांगा, शपत जी हाय ती मनात आसती का पिठात आसती? माणसानं देवाम्होरं त्वांड केलं, बोलला, झालं. हातात माती आसती तरी शपत ती शपतच. तुमी देवाचं माणूस, तुमीच चावडीत उठून ही सांगायचं हुतं. तुमी काय केलं? तुमीबी मान हलवली म्हणं.

बरं, झालं ती झालं. आता माझं आयका, ह्येच्यासाठीच तुमास्नी बोलवलंय. आज दिवस बुडायच्या आत तुमी जीपनं माघारी जायाचं, देवळाम्होरं ढोल लावायचा, घरटी माणूस गोळा करायचा आन् पुन्यांदा बेलभंडारा उचलायचा. प्रचार बंद झालाय, मला येता येणार न्हाई, पर देवाच्या ढोलाला कोण कायदा लावतंय? आन् ह्या खेपंला भंडारा खरा. आस्सल. ह्यो बगा डबा, मघाशीच आणून ठेवलाय. घ्या, बोटावर घ्या, वास घ्या. सेलमच्या हळकुंडाच्या गाठ्यासारखा घट्ट रंग, आमच्या मंडळींनी घरच्या जात्यावर दळल्याली हळद. आवं, ह्येच्यात काय मिसळंल, ह्यो का दुकानचा हाय? ह्यो घरचा. आमच्या देव्हाऱ्यातला. दुकानातला भंडारा आमी घरात घेत न्हाई, आई हुती तवापास्नं ती ताकीदच हाय, दुकानचं दुकानात आन् देवाचं —

…आसं काय बगताय? म्हंजी आईच्या टायमाला येगळं हुतं. मला म्हणायचं हुतं, की… घरात ल्हान पोरं आसत्यात, नातू रांगतोय, काय बी तोंडात घालतंय, म्हणून आपली काळजी. रंगाचं कसं, कुणाला बादतोय कुणाला न्हाई. त्यात एवढं काय?

कुठलं पोतं? दरसालचं? जत्रंच्या आदी आमी बिरोबाला पाठवतो ती? त्येचं हितं काय आण्णा. ती आमच्या वडलांनी, आबांनी सुरू केल्यालं, आबा स्वता हळकुंड निवडायला बसायचं, देवाचं पोतं म्हणून गड्याला हात लावू द्यायचं न्हाईत. आबा गेल्यावर मी चालू ठेवलंच की, एक साल चुकवलं न्हाई, दुष्काळाच्या साली सुदिक जीप करून पाठवलं. तुमच्या देवळाच्या भिंतीवर पाटी हाय की आमच्या नावाची. मग? … व्हय, आता त्यात दुकानचाच भंडारा जातोय. पर आण्णा, पोतं म्हंजी केवढं आसतंय, आन् ती बी उधळायलाच — न्हाई?

न्हाई म्हंजी? जिभंवर?

कुणाच्या जिभंवर लावता? … बारा दिसाच्या पोराला? बरं. आन् आजाऱ्याला. पाण्यातनं देता. व्हय, ती मला म्हाईत नव्हतं. म्हंजी म्हाईत आसंल, ल्हानपणी मलाबी आईनं दिल्याला आसंल, पर त्यो आबांचा हुता. माझ्या ध्यानात… आण्णा, एवढ्याशा चिमटीनं काय हुतंय? कुणाला काय झालं का आजवर? झालं आसतं तर गाव बोललं आसतं की. बोललं आसतं का न्हाई? तुमी तरी बोला की. मघापास्नं मी एकटाच बडबडतोय, जीपमधनं उतरल्यापास्नं तुमी चार शब्द बोलला नसाल, आन् माझ्याकडनं ह्ये सगळं काढून घेतलंसा.

उठू नका. बसा आण्णा, पाया पडतो. … बरं, नका बसू. मतांचं ऱ्हाऊ दे. खैरवाडीचं एकबी मत नको मला, लालासाहेबाला द्या, न्हाईतर वड्यात टाका. ढोल नको, काय नको. अनामत जाऊ दे. पर ह्ये पोत्याचं गावात काढू नका. शपतंचं येगळं, ती राजकारण हाय, राजकारणात माणूस पडतोय, पुन्ना उठतोय. ह्ये जर बाहेर पडलं तर खैरवाडीच न्हवं, सगळ्या तालुक्यातनं माझ्या दारात हळदीचं एक गाडं यायचं न्हाई, आन् आबांच्या नावाची पाटी पोरं दगडानं फोडतील. एवढी एकच शपत घ्या माझ्यासाठी, की ह्ये हितंच ऱ्हाईल. ह्यो डबा. करा हात म्होरं. करा की.

का? … आवं, सांगतोय न्हवं, घरचा हाय म्हणून. ह्यात काय न्हाई. आण्णा, निदान ह्येच्यावर तरी इश्वास ठेवा, आमची मंडळी रोज कुकवाखाली हाच लावती. मुठी कशाला आवळताय? बरं, तुमी नका उचलू, मी उचलतो. ह्यो बगा माझा हात, ह्यो बगा भंडारा. ह्यो भंडारा खरा हाय म्हणून मी ह्याच भंडाऱ्याची शपत घिऊन सांग…

…

भंडारा खरा म्हणून भंडाऱ्याचीच शपत, ती बी माझी… कोण मानंल. जावा तुमी. जीप न्हाई सांगत, डायवर जेवाय गेलाय. स्टँडवरनं गाडी मिळंल.