कुसाबाईंचा पासवर्ड

पंचवटीतल्या सायबर कॅफेत सुवर्णा नंबराची वाट बघत बसली होती. शेजारच्या कॉम्प्युटरवर कुसाबाई मस्कतला गेलेल्या लेकाची मेल बघायला आल्या होत्या.

"मावशी, पासवर्ड सांगा, मी टाकतो," कॅफेवाला कुंदन म्हणाला.

"नाय सांगता यायचा. ललितनं त्याच्या बापाचं नाव ठेवलंय. मी ते कधी तोंडानं घेतलं नाय."

"मग एकदा टाकून मशीनलाच लक्षात ठेवायला सांगू? परत विचारणार नाही."

"आन मी उठल्यावर इथं दुसरं कुणी बसलं तर?"

"त्याला तुमची पत्रं आपोआप दिसतील."

"मग नको रे बाबा. सरक, मीच दाबते. ललितनं अक्षरं दाखवलीत मला."

सुवर्णानं नकळत नजर दुसरीकडे वळवली. बटणं एकेक करून वाजली.

"अगं बया! कुंदन, बघ की! हे बी त्यांचं नाव घेत नाय. नुसत्या चांदण्या काढतंय!"