चार कोपऱ्यांतलं हळदकुंकू

नरहर : अगं, काल शिवून आलेली गादी उसवून राह्यली का तू? उद्या दुपारच्या एसटीनं जावई येतात, व्याही येतात. भिंतीचा चुना अजून वाळला नाही, चिवड्याचे पोहे उन्हात पडले आहेत, आणि तू कात्री घेऊन बसली!

कुंदा : वरडू नका. तिसरा कोपरा हाय हा. दोन पाह्यले, काहीच नाही निघालं.

नरहर : काय निघायचं आहे? गादीत रुईच असते, कुंदा.

कुंदा : खूण निघाची होती. गादी बशीरकडं पिंजाले देली ना, त्याच्या आधी मी चारही कोपऱ्यांत हळदकुंकू लावलेला कापूस खुपसला होता. आपलीच रुई वापस आली तं रंग दिसन. नाही दिसला तं समजून जायचं, रुई बदलली.

नरहर : अगं, पिंजल्यावर सगळी रुई उडून एक होते. तुझी खूण काय कोपऱ्यात बसून राहील?

कुंदा : अहो, पण लाल-पिवळं काहीतरी दिसन का नाही? इतकुसं नाही! पांढरीफेक हाय सारी.

नरहर : पंचवीस वर्षं झाली तो आपल्या गाद्या भरून राह्यला. अनघा पाळण्यात होती तेव्हाची दुपटी त्यानंच भरली.

कुंदा : तवाचा बशीर येगळा. आता अर्ध्या यवतमाळनं फोमच्या गाद्या घेतल्या. दुकानात माशा मारत बसते तो. रिकाम्या माणसाचं काय सांगावं?

नरहर : चोरून तरी काय मिळणार त्याला? कापसाच्या गाड्या बाजारात तीन-तीन दिवस उभ्या आहेत, कोणी ढुंकून पाहत नाही. तुझी पंधरा वर्षांची जुनी रुई कोण चोरते?

कुंदा : तो कापूस बीटीचा. माही रुई देशी होती. बाबांनी महागावच्या वावरातून सोता येचून आणली होती. दुसऱ्या वर्षी बाबा गेले, मंग भावानं वावरही इकून टाकलं. अनघाचा पहिला दिवाळसण हाय. आजोबा नाही तं नाही, त्यांच्या गादीवर तरी बसन जवाई. एवढंच होतं माह्या मनात.

नरहर : मग हे बशीरला आधीच सांगायचं होतं.

कुंदा : वा! सांगितलं असतं तं पहिले तीच काढून घेतली असती त्यानं. दोन दिवसाच्या कामाले चार दिवस लावले, ते काहून? आणि उचलून पाहा, गादी हलकी लागते.

नरहर : धूळ गेली असेल. पुराव्याशिवाय कोणाला चोर म्हणू नये. माझी तीस वर्षं कचेरीत—

कुंदा : तुमची कचेरी राहू द्या. सकाळी पहिला कोपरा पाह्यला अन् शेजारच्या रुखमाबाईले सांगून आली मी.

नरहर : काय सांगून आली?

कुंदा : हेच, का गादी देली असन तं वापस आण. तिच्याही पोरी येऊन राह्यल्या दिवाळीले.

नरहर : एक कोपरा पाहून गल्लीभर डंका पिटला का तू? कमाल आहे!

(बाहेर सायकल उभी केल्याचा आवाज.)

बशीर : वहिनी, हायत का घरात? दोन उशा राह्यल्या होत्या, घेऊन आलो.

नरहर : या, या बशीरभाई. बसा. चहा टाकायला सांगतो.

बशीर : रोजा हाय साहेब. चार दिवसांनी ईद. माह्या घरीही हीच धावपळ. माह्या पोरीच्या, रुबीनाच्या, सासरचे येऊन राह्यले.

कुंदा : चार दिवस लागले तुमाले यंदा.

बशीर : लागले, वहिनी. ही रुई मशीनवर नाही घातली मी. मशीन रुईचा धागा तोडून टाकते. अब्बांची पिंजाची जुनी कमान माळ्यावरून काढली अन् हातानंच पिंजली. रोज्यात हात जरा जल्दी थकते. पण काय रुई हो! अशी आता पाह्याले नाही भेटत. कोणाच्या वावरातली?

कुंदा : होती कोणाची तरी. उशा ठेवा तिथं.

बशीर : आज कामात दिलच नाही लागून राह्यला. रुखमाबाई सकाळी आल्या अन् गादी तशीच वापस घेऊन गेल्या, पिंजाच्या आधीच. काही बोलल्याही नाही. माह्याकून काही गलती झाली का? तुमाले काही माहीत?

नरहर : कुंदा, तुला काही माहीत?

कुंदा : मले... काय माहीत असन.

बशीर : जाऊ द्या. हे घ्या पहिले. रुमालाची गाठ आरामात सोडा. तुमची गादी उघडली तं चारही कोपऱ्यांत हळदकुंकवाचा कापूस निघाला. मी म्हटलं, लेकीची पहिली दिवाळी, पूजेचं असन. त्याले कमानीखाली कसं घ्यावं? वरच्या फळीवर ठेवलं. रुबीनाले म्हटलं, हात नको लावू बेटा. काल गादी रिक्षात धाडली, पण हे रिक्षात कसं धाडावं? म्हणून सोता आणलं. आत टाकाचं असन तं तुमच्याच हातानं टाका.

नरहर : हो हो, पूजेचंच होतं ते. आमच्यात अशी पद्धत—

कुंदा : खोटं नका बोलू हो. पूजेचं नव्हतं, बशीरभाई. तुमी माही रुई बदलता का, हे पाहाले टाकलं होतं मी.

बशीर : अस्सं. म्हणून कोपरे उसवलेले दिसून राह्यले.

कुंदा : आणि रुखमाबाईची गादी मीच वापस न्याले लावली. माह्या बाबांच्या वावरातली शेवटची रुई होती ती. मले भेव वाटलं.

बशीर : मले एक बार पुसलं असतं, वहिनी. अनघाची दुपटी भरली मी.

कुंदा : चुकलंच माहं. लाज वाटून राह्यली मले.

बशीर : मोठी सुई द्या. उद्या पाहुणे येतीन, असे उघडे कोपरे बरे नाही दिसत.

कुंदा : टाके मागून पाहू. पहिले मले रुखमाबाईच्या घरी जा लागते. हे असंच नेऊ द्या, रुमालासकट. तिले दाखवाचं हाय.

बशीर : न्या. पण रुमाल वापस आणजा, वहिनी. ईदसाठी घेतलेला हाय.