तार आत आली आणि दार उघडं राहिलं

…आणि दार लागेना, हे मी सांगायचं तरी कोणाला? बाहेर पाण्याच्या पिंपावर बर्फाची साय धरलेली, आणि आमच्या स्वयंपाकघराचं दार वीतभर उघडं, का, तर त्यातून तार गेलेली! तार म्हणजे तुम्हाला वाटेल दिव्याला असते तशी असेल सुतळीएवढी… छे हो. माझ्या मनगटाएवढी जाड, काळीभोर, वरून विणलेला अंगरखा. तुम्हाला सांगते, सकाळी चुलीत लाकूड सारायला उठले की आधी तिच्यावर नजर जायची आणि हातातलं लाकूड उगारलं जायचं, मग आठवायचं, साप नाहीये तो. सापापेक्षा महाग आहे.

आता तुम्ही म्हणाल, वीतभर फट, त्यात काय एवढं? असं बोलू नका. दोन दारांमधून जे वारं वाहतं ना, ते माणसाला बसल्या जागी उचलून नेतं, हे आमच्या पिरोत गावात पाळण्यातलं पोरसुद्धा सांगेल. समोरची रुझा ओले केस घेऊन दोन खिडक्यांच्या मधोमध बसली, तर तिचं तोंड वाकडं झालं ते ईस्टर येईस्तोवर वाकडंच. बसमध्ये उकाड्यानं घेरी येऊन बायका एकमेकींच्या अंगावर पडतील, पण समोरासमोरच्या दोन खिडक्या कोणी उघडून दाखवाव्या! आणि आमचा मिलादिन? माझा नवरा हो, तीन पायांच्या त्या स्टुलासारखा हट्टी, एकदा बसला की बसला… तो नेमका त्या फटीला डावा कान लावून बसायचा. डावाच! जन्मभर ट्रक चालवला, आमच्याकडे चालकाची खिडकी डावीकडे, तो कान आधीच अर्धा वाऱ्यानं खाल्लेला.

तुम्ही विचाराल, मग ज्याची ही तार, ते रेकॉर्ड वाजवायचं यंत्र स्वयंपाकघरातच का नाही ठेवलं? बरं विचारलंत. अहो, ते यंत्र पाहुण्यांच्या खोलीत आहे. काचेचं कपाट, नक्षीचा गालिचा, यंत्र, सगळं तिथं. आणि पाहुण्यांच्या खोलीत आपण बसतो का कधी? हिवाळ्यात तर ती खोली म्हणजे थडगं, चूल एकच, ती स्वयंपाकघरात, म्हणून आम्हीही तिथंच. यंत्र तिकडे, आम्ही इकडे, तर मिलादिननं स्पीकर इकडे आणले आणि मधल्या दारातून तार ओढली. पहिली तार बारीक होती, जुन्या दिव्याची, दार तिच्यावर गप्प लागायचं. तिनं काही कोणाचं वाकडं केलं नव्हतं.

सुरुवात झाली आलुबुखाराच्या दिवसांत. रेकॉर्ड लावली, आमची नेहमीची, पितळी वाजंत्री, मधे बाईचं गाणं. आणि हा म्हणतो, "स्ताना, आवाज गोधडीखालून येतोय बघ." मी कान दिला. मला तर सगळं लख्ख ऐकू येत होतं, ढोल, कर्णे, कडव्याआधी ती बाई श्वास घेते तोसुद्धा. मी म्हटलं, "ऐकू येतंय की." तर म्हणे, "तुला काय कळतंय? तार जुनी झालीय. आवाज तारेतच मरतो."

तुम्हाला सांगते, याचा बाप मी पाहिलाय. शेवटी शेवटी त्याला काही म्हणजे काही ऐकू येईना, आणि माणसं हळूहळू त्याच्याशी बोलायची थांबली. दुष्टाव्यानं नाही हो, ओरडून ओरडून दमली. मांजरापुढे बशी सरकवावी तसं त्याच्यापुढे ताट सरकवायचे. तो बिचारा सगळ्यांकडे बघून हसायचा, कोणी मेल्याची बातमी सांगितली तरी हसायचा. मला रात्रंदिवस तोच चेहरा दिसायला लागला, आणि तो चेहरा मिलादिनच्या धडावर. मग मी कोणाशी बोलू? एवढं बोलते मी, ते जाणार कुठं?

तार तर तार, म्हटलं. तारेचं दुखणं असेल तर बरंच की.

मिलादिन गेला त्स्वेतानच्या रेडिओ-तारांच्या दुकानात. हा त्स्वेतान म्हणजे मधात बुडवून काढलेला माणूस. नवी तार जोडायला घरी आला, मी रिवाजाप्रमाणे चमचाभर मुरंबा आणि पेलाभर पाणी पुढे केलं, तर मुरंबा गिळायच्या आधी सुरू. "स्तानाकाकू, ही तार साधी नाही. तांब्यातली हवा काढून घेतलीय, काकू. आवाजाला आडकाठी नको म्हणून." मी म्हटलं, "वा रे वा, तारेतली हवा काढलीस आणि माझ्या घरात सोडलीस." कारण तोवर दार लावायला गेले होते मी, तर लागेना! आणि त्स्वेतान किंचाळला, "काकू, दाबू नका! चिमटली की आवाज जखमी होतो!" आवाज जखमी होतो म्हणे. आमच्या फुप्फुसांचं काय रे मेल्या?

म्हटलं, दाराला खालून भोक पाडू या. तर नाही, टोकाला जोडायचे सोनेरी गोंडे आहेत, ते भोकातून जात नाहीत. बरं, तार भिंतीकडेनं वळवू या. तर नाही, वाकवली की रुसते. वर एक बाणही काढलाय, आवाजानं कुठल्या दिशेनं जायचं ते दाखवायला, म्हणजे तो चुकून अंगणात जायला नको. आणि म्हणे पहिले काही आठवडे तिचं खरं रूप दिसायचं नाही, मुरावी लागते. मी जन्मभर पिंपात कोबी मुरवला. तार मुरवणारे हे पहिलेच.

मुरली कुठली? मिलादिन रोज बसायचा, रोज म्हणायचा, "अजून गोधडी आहेच." मग खुर्ची दाराकडे सरकवायचा. आता बघा हं, माझ्या मनात काय आलं ते. तार आली म्हणून दार उघडं, दार उघडं म्हणून वारं, वारं थेट कानात, कानात वारं म्हणून कमी ऐकू येतं, कमी ऐकू येतं म्हणून आणखी जाड तार… आणि जाड तारेला आणखी मोठी फट! म्हाताऱ्याला बहिरा करायला घरात पैसे खर्चून बोलावलंय हे. मी त्याच्या डाव्या कानात लोकर कोंबली. तो म्हणाला, "आता तर काहीच ऐकू येत नाही, बघ, तारच वाईट." आणि गेला दुसरी आणायला. तीच ती, मनगटाएवढी. हिच्या किमतीत गाभण गाय आली असती, आणि गाय निदान दार लावताना बाजूला तरी सरकते.

मग आला आमच्या घराच्या संताचा दिवस, संत निकोलाचा. त्या दिवशी आमच्याकडे कोणाला बोलवायचं नसतं आणि कोणाला नाही म्हणायचं नसतं, येईल तो पाहुणा. मुलगी वेरिका निश शहरातून सकाळीच आली, आणि सगळ्यांच्या आधी कोण टपकलं असेल? त्स्वेतान. मासा ओव्हनमध्ये जायच्या आत हजर.

वेरिकानं तार बघितली, किंमत ऐकली, आणि कोटाची बटणंसुद्धा न काढता म्हणाली, "बाबा, तुम्हाला फरक कळतो?"

"कळतो म्हणजे? मी काय बहिरा आहे?"

"मग सांगून दाखवा. मी पलीकडे बसते, कधी जुनी तार जोडीन, कधी ही. तुम्ही इथं बसून ओळखायचं."

त्स्वेतान माशाकडे बघत म्हणाला, "मिलादिनकाका डोळे मिटून ओळखतील." आणि ओळखलं नाही तर? तर एक, तार खोटी, किंवा दुसरं… ते दुसरं माझ्या तोंडून निघत नव्हतं.

बसलो. मिलादिन फटीकडे पाठ करून, मी मासा ओव्हनमध्ये टाकून येऊन त्याच्या समोर, मांडीवर अक्रोड फोडायला घेतलेले. मला फटीतून वेरिकाचे हात दिसत होते. तिनं जुनी तार जोडली. मला तर दोन्ही सारख्याच, देवाशपथ, तोच ढोल, तीच बाई, तोच श्वास. मिलादिन माझ्याकडे बघून म्हणाला, "जुनी." बरोबर! मग जाड जोडली. "नवी." बरोबर! पुन्हा नवी. "नवी." तेही बरोबर! त्स्वेताननं हात जोडून वर बघितलं. मला तर रडू फुटलं, कान शाबूत आहेत, बहिरा नाही माझा म्हातारा, असू दे ती तार, असू दे फट, आलं वारं तर येऊ दे!

इतक्यात मासा करपल्याचा वास आला. मी अक्रोड टेबलावर टाकले आणि धावले अंगणातल्या छपरीत, ओव्हन तिथं.

परत येते तो काय, गाणं वाजतंय आणि स्वयंपाकघरात सगळे पुतळे. वेरिका दारात उभी, तोंडावर हात. त्स्वेतानचा काटा हवेत. मी म्हटलं, "काय झालं गं?" वेरिका हळूच म्हणाली, "आई, मी विचारलं, ही कुठली तार? तर म्हणाले, स्ताना येऊ दे, मग सांगतो."

मी मिलादिनकडे बघितलं. तो माझ्याकडे. लहान पोर चोरी करताना सापडावं तसा.

"किती दिवस?" मी विचारलं. मोठ्यानं नाही, तोंड नीट उघडून.

"आलुबुखाराच्या आधीपासून," म्हणाला. "ढोल आला की तुझा पाय हलतो. बाई गायला लागली की तुझे ओठ हलतात, कडवं कुठवर आलं ते कळतं मला. आणि ती जाड तार जोडली की घरात साप शिरल्यासारखं तोंड होतं तुझं."

"मग तारा कशाला आणल्यास, म्हाताऱ्या?"

तो टेबलावरचे अक्रोड गोळा करायला लागला. मग म्हणाला, "वाटलं, जे बिघडलंय ते दुकानात मिळणारं असावं."

त्स्वेताननंसुद्धा मासा खाल्ला नाही. म्हणजे खाल्ला, पण एकच तुकडा.

तार निघाली. त्स्वेतान परत घेत नाही म्हणाला, मुरलेली आहे म्हणे. वेरिका मिलादिनला निशच्या कानाच्या डॉक्टरकडे नेणार आहे, यंत्र बसवतात म्हणे कानात, तो अजून हो म्हणत नाही, विचारतो, त्याला तार कुठली असते. दार लागतं आता. वारं नाही, घर उबदार, आणि तरी मला धाकधूक आहेच, कारण रोज जेवण झालं की तो खुर्ची माझ्यासमोर मांडतो, दिवा माझ्या तोंडावर वळवतो आणि रेकॉर्ड लावतो. उठायची सोय नाही. घेवडा करपतो, शेजारीण हाका मारते, मी आपली बसलेली, ओठ हलवत. जरा दुसरा विचार मनात आला की म्हणतो, "स्ताना, आवाज गेला." दोन्ही बाजू संपेपर्यंत हुंदकासुद्धा देता येत नाही, म्हणतो, तो गाण्यात नाहीये.

काल तर म्हणाला, "अगं, जरा डावीकडे सरक, ढोल नीट दिसत नाहीये."

सरकले. काय करता.