प्लेट गार होईपर्यंत

(कारखाना. शिफ्ट नुकतीच सुटली आहे. वहिनी सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे लोखंडी प्लेटा घासून सपाट करणाऱ्या मशीनवर, काम करते. तिचा दीर तिथेच फिटर आहे.)

भाऊजी : ...म्हणून मीच साहेबांना सांगून आलो, उद्यापासून मला गोदामात टाका.

वहिनी : अहो, असं कसं सांगितलंत? आयुष्य फिटिंगमध्ये गेलं तुमचं!

भाऊजी : तेच हात आता दगा देतायत. कुणीतरी साहेबांच्या कानावर घातलंय, तापातून उठल्यापासून माझा हात थरथरतो. खरंच असणार. चहाचा कपही हल्ली दोन्ही हातांनी धरतो मी.

वहिनी : भाऊजी, बसा जरा.

भाऊजी : बसून काय करू? जोडणी माझी, प्लेटवर सरकणारी स्लाइड अडकली. तुम्ही घासलेली प्लेट तर सपाट होती. मग चुकलं कोण? दादाला तेवढं तुम्ही सांगा. माझ्याच्यानं नाही होणार.

वहिनी : प्लेट सपाट नव्हती.

भाऊजी : उगाच समजूत काढू नका. तुम्ही स्वतः मोजून दिलीत.

वहिनी : गरम असताना मोजली. मशीनवर धरून ठेवणाऱ्या मॅग्नेटवरून काढलीसुद्धा नाही.

भाऊजी : काय सांगताय?

वहिनी : धाकटी लेक गेटवर ताटकळत होती. घाईघाईत मोठा कट घेतला, एकदम जाड थर काढला. पातळ प्लेट ती, तापली नि मध्ये फुगली. चाकानं फुगवटाच तासला. गार झाल्यावर तिथं खळगा पडणारच.

भाऊजी : आणि शेवटचे रिकामे फेरे? दाबाखाली चाकही दबतं, ठिणगी थांबेपर्यंत चाक खाली न घेता नुसतं फिरवायचं, हे नव्या पोरींना तुम्हीच शिकवता की!

वहिनी : एकही नाही मारला.

भाऊजी : मग तेव्हाच बोलायचं होतं, वहिनी!

वहिनी : जीभ रेटली नाही. उलट साहेबांनी विचारलं, तर... हात थरथरतो असं मीच सांगितलं. खोटंच. थोबाडीत मारा माझ्या, पण असे बघत राहू नका.

भाऊजी : तुम्ही?

वहिनी : मीच मेलीनं. स्वतःची कातडी वाचवली. चला, आत्ताच्या आत्ता साहेबांकडे जाऊ. माझं काय व्हायचं ते होवो.

भाऊजी : थांबा. म्हणजे खळगा प्लेटमध्येच होता?

वहिनी : हो.

भाऊजी : जाऊ साहेबांकडे. मला रागही येणार आहे, चांगला येणार आहे. सोडणार नाही मी तुम्हाला.

वहिनी : मग बोला ना आत्ताच! घ्या तोंडसुख.

भाऊजी : आत्ता नको. आत्ता फक्त एवढंच पुन्हा सांगा, माझे हात ठीक आहेत ना?