डोळे मिटून शेजारी

...आणि वर सगळे मलाच विचारतात हो, "इंजिन जळेपर्यंत तुम्ही शेजारी बसून काय करत होतात?" काय करत होतो म्हणजे? घाबरत होतो! तुम्हाला सांगतो, आपली सख्खी आई, केस पिकलेले, गुडघे दुखतायत, आणि ती भर रस्त्यात स्टिअरिंग धरून समोरच्या ट्रकच्या मागे हात धुऊन लागलीय, अशा वेळी शेजारच्या सीटवरचा मुलगा दुसरं काय करणार? डोळे मिटून बसलो होतो. चांगले घट्ट!

म्हणजे त्याचं असंय, आमच्या हिचा ड्रायव्हिंगचा क्लास आहे. गाडी एकच. शेजारच्या सीटपुढेही एक जादा ब्रेक, एक जादा क्लच, म्हणजे शिकणाऱ्याने घोळ घातला की हिने निस्तरायचा. आता बाबा गेल्यापासून आमची आई नुसती खिडकीशी बसून असायची. जेवलीस का? जेवले. बरं आहे का? आहे. संपलं बोलणं! आणि एक दिवस सकाळी, चहा गाळता गाळता सुनेला म्हणते कशी, "अगं, मला येईल का गं गाडी?" मला ठसका लागला. ही मात्र शांतपणे म्हणाली, "येईल की. पण आई, गाडीत मी मॅडम." आणि खरंच हो! घरात "अगं, भाजी करपली बघ," आणि गाडीचं दार लागलं की "मॅडम, निघू का?"

आता ह्या मॅडमचा एक कडक नियम आहे. नवीन माणूस काय करतो, समोर एखादा दिवा लुकलुकला की घाबरतो आणि भर चौकात ब्रेक मारतो. म्हणून नियम काय, तर नजर रस्त्यावर! आतले दिवे, आतले काटे, ते मॅडम बघणार. मग गिअर कधी बदलायचा? तर इंजिनचा आवाज ऐकून. आणि काहीही झालं तरी घाबरून मध्येच थांबायचं नाही. आई तर काय, शाळेतल्या पहिल्या बाकावरची मुलगी झाली होती. मॅडमचा शब्द म्हणजे शब्द!

त्या दिवशी मॅडम तापाने आडव्या. लायसन्सची परीक्षा तोंडावर, म्हणून शेजारी मला बसवलं. इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा चढत चढत लाल पट्ट्यात गेला म्हणे. आई बघणार नाही, तिला मनाई! मी बघणार नाही, माझे डोळे बंद! थोड्या वेळाने आई म्हणते, "अरे, धुकं पडलंय का?" धुकं? भर दुपारी? डोळे उघडून बघतो तर बॉनेटमधून वाफेचे लोट! मी ओरडलो, "आई, थांब!" तर म्हणते, "मॅडमनी सांगितलंय, घाबरून थांबायचं नाही!" आणि नाहीच थांबली. ब्रेक? माझे दोन्ही पाय सीटवर पोटाशी होते हो! शेवटी इंजिनच थांबलं बिचारं.

गाडी गॅरेजमध्ये मिस्त्रींकडे ओढून नेली. "उघडल्याशिवाय सांगता येत नाही." उघडलं. पाण्याचा पाइप फुटलेला, इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड, वाकडं झालेलं, एक पिस्टन घासून गेलेला. मी म्हटलं, "दुरुस्त होईल?" "होईल." "की बदललेलं बरं?" "तेही बरं." "मग करू काय?" "ते तुम्ही ठरवा!" आता तुम्हीच सांगा, दुरुस्त करायचं की बदलायचं?

मेहुण्याला फोन केला. "भावजी, बदला! विचार कसला करताय? बदला!" ह्या माणसाने जन्मात चप्पल शिवून घेतलेली नाही, अंगठा तुटला की नवा जोड! शेजारच्या काकांना विचारलं. "छे छे! मूळचं ते मूळचं, दुरुस्तच करा!" काकांनी इतक्यांदा दुरुस्त केलेला पंखा सुरू झाला की वरच्या मजल्यावर लोक विमान बघायला गॅलरीत येतात. दुरुस्त करायचं की बदलायचं? मला जेवण जाईना.

आणि इकडे आईने किल्ली खिळ्याला अडकवली. "मला नको बाई ते. सुनेचं पोटपाणी जाळलं मी." आणि गेली की परत खिडकीशी! जेवलीस का? जेवले. खरं सांगू? इंजिन गेलं तर इंजिन मिळतं हो. ही बाई पुन्हा त्या खिडकीत हरवली तर कुठून आणायची?

तेवढ्यात मिस्त्रींचा निरोप, "मागून ठोकलेली एक गाडी आलीय, अगदी अशीच. इंजिन शाबूत. लगेच बसवून देतो, परीक्षाही गाठता येईल." मी म्हटलं, सुटलो! पण ही म्हणाली, "आधी आईंना ऐकवू." मी म्हटलं, अगं, इंजिन आहे की गाणं? ऐकते कुठली! आईचा हात धरून गॅरेजमध्ये घेऊन गेली.

मिस्त्रींनी त्या गाडीचं इंजिन सुरू केलं. आता आईने डोळे मिटले. मग म्हणते, "हे फार घाईत बोलतं हो. ह्याच्यावर गिअर कधी टाकायचा, मला नाही समजायचं." आणि तिची नजर गेली टेबलावर, तिथे आमचं इंजिन सुटं करून मांडलेलं. "हे का माझं?"

माझं! ऐकलंत? माझं म्हणाली! हिने मला असा चिमटा काढला की अजून हिरवानिळा आहे.

"ह्यातलं गेलंय काय काय?" मिस्त्रींनी दाखवलं, हे, हे आणि हा पिस्टन. "आणि बाकीचं?" "बाकीचं ठणठणीत आहे, आजी." "मग त्या बाकीच्याला कशाला टाकून देता? गेलं तेवढं नवं घाला, आणि जोडा!"

मी म्हटलं, "आई, वेळ लागेल गं. परीक्षा हुकेल." तर पदर खोचून म्हणते, "हुकू दे. पुढची देईन. मला कुठे पळायचंय?"

देईन म्हणाली हो! मला तर तिथेच, त्या ऑइलच्या डब्यांमध्ये उभं राहून रडू आलं. मिस्त्रींनी पुसायला फडकं दिलं, त्याने तोंड काळं झालं, ते वेगळंच.

तर इंजिन झालं. आईने किल्ली फिरवली, क्षणभर कान दिला आणि ओरडली, "मॅडम, बोलतंय!" पुढची परीक्षा दिली, पासही झाली, आता सकाळी क्लासच्या बायकांना घरून आणायलाही जाते. खिडकीत कुंडी ठेवलीय.

फक्त काट्याची धास्ती आहे ना. आईची नजर रस्त्यावर, मॅडमची आईवर, मग काटा कोण बघणार? म्हणून सुट्टीच्या दिवशी मी मागे बसतो, दोन सीटच्या मधून जिराफासारखी मान घालून, डोळे टक्क उघडे. "ठीक आहे, आई... ठीक आहे, मॅडम..." हो, मीही मॅडमच म्हणायचं! आणि लोक अजून विचारतात, "शेवटी काय हो, दुरुस्त केलं की बदललं?"

इंजिन दुरुस्त केलं हो. बदललं ते मला!