रकाना बदलून मिळण्याबाबत

विषय — रकाना बदलून मिळण्याबाबत. संदर्भ — डॉक्टरीणबाईंनी काल माझ्या पोटाला लावलेली टेप. तर जावईबापू, ती केकची बशी जरा इकडे सरकवा आणि ऐका — हसताय काय, सासरा आहे मी तुमचा. बाईंच्या टेबलावर एक तक्ता आहे, कोणाची कंबर कितीपर्यंत चालेल त्याचा, माणसांच्या वंशाप्रमाणे रकाने पाडलेले. माझी भरली ब्याण्णव सेंटिमीटर. तुमच्या युरोपातल्या गोऱ्या लोकांना चौऱ्याण्णवपर्यंत माफी, आमच्या लोकांचं नव्वदला काम संपलं. म्हणजे हेच पोट तुमच्या अंगावर असतं तर निर्दोष सुटलं असतं. म्हटलं, बाई, मला जावयाच्या रकान्यात टाका, जवळचं नातं आहे.

त्या म्हणाल्या, जावयाच्या लोकांची चरबी कातडीखाली ऐसपैस पसरते — आपल्याकडे हातापायांच्या काड्या आणि सगळा माल आत, आतड्यांभोवती, यकृतावर. वजनकाट्याला पत्ताच नाही. का, म्हणाल? — नक्की कुणालाच ठाऊक नाही. कुणी रक्ताला दोष देतं, कुणी पूर्वजांच्या उपासमारीला, कुणी आईच्या पोटातच अर्धपोटी राहिलेल्या बाळाला. जन्मभर खुर्चीत बसलो त्याचं नाव मी काढलं नव्हतं, ते बाईंनी काढलं.

तुमच्या सासूबाईंनी तर केक बंदच केला. रविवारी एक तुकडा द्या म्हटलं, तर म्हणतात, रकाना बदलून आणा, मग बघू. त्यांचंही खरं आहे — माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला काडी म्हणायचो, काट्यावर कायम उत्तीर्ण, पोट तेवढं जरा पुढे — जेवता जेवता पानावरच गेला. तेव्हापासून माझ्या वजनावर त्यांचा विश्वास नाही. माझाही नाही, पण ते तुमच्यापाशी. आणि हेही तुमच्यापाशीच, की ते ब्याण्णव श्वास रोखून, पोट आत ओढून. सोडलं असतं तर तुमच्या रकान्यातही नापास.

आमच्या लेकीला आठवा महिना ना? विचारलं मी बाईंना, तुमचं-आमचं मिळून जे येईल त्याचा रकाना कोणता? म्हणाल्या, तो छापलेला नाही. बघा, छापला नाही तर बरंच — नुसतं कडेवर घ्यायला मिळालं तरी —

सासूबाई आल्या वाटतं. बशी तुमच्याकडे घ्या. तोंडाला काही लागलंय का माझ्या? — काही नाही हो, जावईबापूंनीच खाल्ला, त्यांच्या रकान्यात बसतो. माझं काय, बाई म्हणाल्यात, पुढच्या महिन्यात पुन्हा मोजू. अर्ज प्रलंबित आहे.