भालचंद्र मोकाशाची मोठी पिशवी

मंडळी, ऐका. पूर्वरंगात आपण लंबोदराचं रूप डोळ्यांपुढे आणलं. आता मला सांगा, एवढं मोठं पोट कशाला हवं हो त्याला? पुढे बसलेली ही चिमुरडी म्हणतेय, मोदकांसाठी. बरोबर आहे बाळ, तुझ्या वयाला तेच उत्तर शोभतं. पण मागे खांबाला टेकलेली मोठी मंडळीही हसतायत, म्हणजे त्यांनाही मोदकापलीकडचं काही सुचलेलं नाही!

अहो, आरती झाली की हात जोडून आपण काय म्हणतो? देवा, चुकलंमाकलं पोटात घाल. साऱ्या जगाचं चुकलंमाकलं जिथे ठेवायचं, ते पोट लहान असून कसं चालेल?

पण हे झालं देवाचं. माणूसही म्हणतोच ना, "जाऊ दे, मी त्याचं पोटात घातलं"? तुम्ही म्हणता, मी म्हणते. आता प्रश्न असा, की खरंच पोटात घातलं की नुसतं तोंडाने म्हटलं, हे ओळखायचं कशावरून? कठीण आहे. म्हणूनच आज पुराणातली गोष्ट घेतली नाही. मोरवंडी गावातल्या भालचंद्र मोकाशाची घेतली आहे.

मोरवंडी घाटमाथ्यावर. गावाच्या डोक्यावर सपाट पठार, करवंदीची जाळी, वारा असा की उभ्या माणसाची टोपी खालच्या गावात सापडावी. भालचंद्राचं दुरुस्तीचं दुकान, पाण्याच्या पंपापासून मिक्सरपर्यंत. धाकटा भाऊ हेरंब शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला. दोघांची नावं गणपतीचीच, बापाने हौसेने ठेवलेली. ह्या पठारावर शहरातल्या कुणी हौशी माणसाने एक खेळ आणला. डिस्क गोल्फ म्हणतात त्याला. घाबरू नका, सोपा आहे. खांबाला साखळ्यांची टोपली अडकवलेली असते. लांबून चकती फेकायची, जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची, असं करत करत टोपलीत घालायची. ज्याच्या फेकी कमी, तो जिंकला. सुदर्शन चक्रच म्हणा! फरक एवढाच की देवाचं सुदर्शन परत हातात येतं आणि ह्यांचं करवंदीत जाऊन बसतं.

आणि चकती एक नसते हो. लांबची वेगळी, मधली वेगळी, टोपलीजवळची वेगळी, वाऱ्यातली आणखी वेगळी. ह्या दोघा भावांची जोडी होती. लांबच्या चकत्या भालचंद्राच्या पिशवीत, जवळच्या हेरंबाच्या पिशवीत. एकाला हवं ते दुसऱ्याच्या खांद्यावर. दोघं पठारावर निघाले की लोक म्हणायचे, चालली मोकाशांची बैलजोडी.

आता ह्या खेळातला एक नियम नीट ऐका, कारण सगळं त्याच्यावर आहे. टोपलीजवळून फेकताना चकती पडली होती तिथे खूण ठेवायची. पाय खुणेच्या मागे. फेकून झाल्यावरही, तोल सावरून स्थिर उभं राहिल्याशिवाय, पाय खुणेच्या पुढे टाकायचा नाही. आणि पंच? पंच नसतो तिथे! खेळणाऱ्यांनीच एकमेकांची चूक सांगायची. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने होकार द्यायचा. म्हणजे सगळा कारभार माणसाच्या जिभेवर. बघा, किती धोक्याचा खेळ!

गेल्या वर्षी मोठा सामना. शेवटची टोपली. भालचंद्राने फेकलं, साखळ्या खळखळल्या, चकती आत. लोकांनी टाळ्या पिटल्या. आणि त्या टाळ्यांत हेरंब हळूच म्हणाला, "दादा, पाय पुढे गेला."

समोरच्या जोडीतला एक जण गप्प उभा होता. त्याने मान हलवली. म्हणाला, "हो, गेला."

दंड म्हणून एक फेक वाढली. आणि मोकाशांची जोडी त्या एका फेकीने हरली.

भालचंद्राने समोरच्यांशी हात मिळवले आणि पिशवी उचलली. घरी येऊन मात्र बायकोला, वैजयंतीला म्हणाला, "परका गप्प होता, आणि सख्खा भाऊ पाय ओढतो." अहो, पाय ओढला कुठे त्याने? पाय पुढे गेला एवढंच म्हणाला बिचारा. पण रागाच्या कानाला अर्धंच ऐकू येतं.

त्या दिवसापासून भालचंद्र हेरंबाच्या घरी गेला नाही. समोरासमोरची घरं! हेरंबाकडे सत्यनारायण झाला, हा दुकानात बसून राहिला. हेरंबाने मिक्सर दुरुस्तीला आणला, तर ह्याने तो दुरुस्त केला आणि शेजाऱ्याच्या हाती पाठवून दिला. पण गावात कुणी विषय काढला की भालचंद्र छातीवर हात ठेवून काय म्हणायचा? "धाकटा आहे. जाऊ दे. मी केव्हाच पोटात घातलंय त्याचं." न्हाव्याकडे हेच, चावडीवर हेच, देवळातही हेच. लोक म्हणायचे, वा, माणूस असावा तर असा. मंडळी, जे खरंच पोटात घातलं, ते असं सारखं बाहेर काढून दाखवावं लागतं का हो?

हेरंबाने खेळ सोडला. "एकट्याने पठारावर जायचं नाही," म्हणाला. भालचंद्राने मात्र ह्या वर्षी एकट्याचं नाव घातलं. आता एकट्याला खेळायचं तर जवळच्या, लांबच्या, सगळ्याच चकत्या आपणच वाहायच्या. जुनी पिशवी पुरेना. भावाचा खांदा गेला की पिशवी मोठी लागते, मंडळी. हे त्याच्या लक्षात आलं नाही. त्याच्या लक्षात एवढंच आलं की पैसे कमी आहेत.

नवराबायको दोघं तालुक्याला गेली, बागवानांच्या बॅगेच्या दुकानात. चकत्या भालचंद्राने तांदळाच्या गोणीत भरून बरोबर नेलेल्या. दुकानदार रफिकभाईंनी ह्या खेळाची खास पिशवी मोबाईलवर दाखवली. परदेशातून मागवायची. किंमत ऐकून भालचंद्राने मोबाईल असा अलगद परत दिला, जसा काही तो तापला होता. मग शाळेचं दप्तर बघितलं. स्वस्त, पण आठवड्यात बंद तुटतील असं. मग डोंगर चढणाऱ्यांची उंच पिशवी. सगळ्या चकत्या मावल्या! भालचंद्र खूष. वैजयंती म्हणाली, "आता खालची काढून दाखवा." काढतो कशी? सगळी उपसावी लागली. ती म्हणाली, "अहो, लोणच्याची बरणी घेताना मी खोली बघत नाही, तोंड बघते. हात जाणार नसेल तर मोठी घेऊन काय करायची?"

शेवटी रफिकभाईंनी आतून एक चौकोनी पिशवी काढली. घरोघर जेवण पोचवणारी मुलं पाठीला लावतात ना, तसली. रंग विटलेला, म्हणून किंमत खाली. तोंड मोठं, चकत्या उभ्या राहिल्या, पट्टे भक्कम. बजेटात बसली! वैजयंती हसून म्हणाली, "आता सामन्यात कुणी बिर्याणी मागितली नाही म्हणजे मिळवली."

भालचंद्र म्हणाला, "थांब. पाठीवर घेऊन फेकून बघतो. पट्टा हाताला अडतो का ते कळेल."

रफिकभाईंनी दुकानाच्या त्या टोकाला रिकामं खोकं ठेवलं. भालचंद्राने फरशीची एक सांध खूण धरली. पाय मागे. नेम धरला. फेकलं. खोक्यात!

वैजयंती म्हणाली, "पाय पुढे गेला."

भालचंद्राने खाली बघितलं. सांधेच्या पुढे वीतभर पाय. म्हणाला, "पाठीवर ओझं आहे ना. त्याने ढकललं."

पिशवी उतरवून ठेवली. पुन्हा उभा राहिला. मोकळ्या पाठीने फेकलं. पाय पुढे.

हा तिसऱ्यांदा उभा राहिला. मंडळी, ह्या वेळी तो खोक्याकडे बघतच नव्हता, पायाकडे बघत होता. आणि तरीही हात सुटला, अंग झुकलं, आणि पाय आपला आपण पुढे गेला. जुनी खोड! त्याला स्वतःला कधी कळलीच नव्हती, कारण फेकताना तो नेहमी टोपलीकडे बघायचा.

रफिकभाईंना वाटलं, पिशवी पसंत पडली नाही. भालचंद्र हलक्या आवाजात बायकोला म्हणाला, "त्या दिवशीही असाच गेला होता?"

"हो."

"तू बघितलंस?"

"मी बाजूलाच उभी होते."

"मग बोलली का नाहीस?"

वैजयंती म्हणाली, "जो बोलला, त्याचं काय केलंत ते बघत होते ना मी."

मंडळी, हे वाक्य जरा राहू दे इथे. पेटीवाले, नुसता षड्ज धरा.

बघा काय झालं. हा माणूस वर्षभर सांगत फिरला, मी भावाचा अपराध पोटात घातला. आणि भावाचा अपराध नव्हताच! जो होता तो ह्याचाच. स्वतःची चूक भावाच्या नावाने पोटात घालून ठेवली, आणि वर मोठेपणाचा ढेकर दिला. पोटात काय आहे ते उघडून बघितलंच नाही कधी.

पिशवी तिथेच राहिली. चकत्यांची गोणी पायाशी ठेवून भालचंद्र एस.टी.त खिडकीबाहेर बघत बसला. गावात उतरल्यावर वैजयंती घराकडे वळली, हा समोर, हेरंबाच्या दारात. वर्षभराने. हेरंब ओट्यावर वाल सोलत बसला होता. त्याने वर बघितलं, उठला नाही.

भालचंद्र म्हणाला, "माझा पाय पुढे गेला होता."

हेरंब सोलत राहिला. मग म्हणाला, "मला वाटायचं तुला माहीत आहे, दादा. माहीत असून बोलत नाहीस. त्याचंच जास्त लागायचं."

"नव्हतं माहीत. आज कळलं."

"कुणी सांगितलं?"

"माझ्याच पायाने."

भालचंद्राने हात जोडले. थोरल्याने धाकट्यापुढे! आपल्याकडे होत नाही असं. म्हणाला, "हेरंबा, पोटात घाल."

तुम्हाला वाटेल, आता हेरंब धावत येईल, गळ्यात पडेल, आपण डोळे पुसू. नाही मंडळी. हेरंब म्हणाला, "वेळ लागेल दादा. गावभर ऐकत आलोय, तुझं पोट किती मोठं आहे ते. माझं तेवढं नाही."

लागलं. लागायलाच हवं होतं. भालचंद्राने मान खाली घातली आणि पायरी उतरायला वळला. वर्षभरात पहिल्यांदा त्याला आपल्या भावाबद्दल राग नव्हता, नुसती लाज होती, आणि खूप माया होती. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने लपवलं नाही.

मागून हेरंब म्हणाला, "निघालास कुठे? पोटात जायला वेळ लागेल म्हटलं. तोवर उभाच राहणार आहेस का? बस. वाल सोल."

आणि भालचंद्र बसला. दोघं भाऊ एका सुपातले वाल सोलत बसले. मी ही गोष्ट इथेच थांबवते. ते पुन्हा जोडीने खेळले का, मला ठाऊक नाही, आणि विचारायला मी गेलेही नाही.

आता उत्तर मिळालं? खरंच पोटात घातलं की नाही, हे ओळखायचं कशावरून? सोपं आहे. ज्याचं पोटात घातलंय म्हणता, त्याच्या ओट्यावर जाऊन बसता येतं का बघा. येत नसेल, तर पोटात जे आहे ते त्याचं आहे की आपलंच, एवढं एकदा उघडून बघा. तुम्ही. हो, तुम्हीच. भिंतीकडे बघू नका, भिंतीने कुणाशी अबोला धरलेला नाही.

ही वाणी विघ्नहर्त्याच्या पायाशी ठेवते. घटकाभराने आरती होईल. सगळे हात जोडून म्हणू, देवा, पोटात घाल. तो घालेल, त्याचं पोट त्यासाठीच आहे. पण ज्याचं आपण वाईट केलं, तो ह्या गाभाऱ्यात बसलेला नाही. तो आपल्याच आळीत आहे, दोन दारं सोडून, आणि त्यालाही देवळातली ही घंटा ऐकू येते. म्हणून एवढंच मागणं आहे तुमच्यापाशी. प्रसाद घ्या, चपला घाला, आणि आज सरळ घरी जाऊ नका.